विज्ञानाच्या शिक्षकांना विज्ञान कोण शिकवतं? प्राथमिक शाळेतल्या ट्रेनिंगची गोष्ट

एक सोपा प्रश्न. हिवाळ्यात थंडी का पडते?

"हिवाळ्यात पृथ्वी सूर्यापासून लांब जाते म्हणून," असं उत्तर तुमच्या मनात आलं असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. जगभरातली बहुतेक माणसं हेच उत्तर देतात. पण ते चूक आहे.

खरं तर उलट आहे. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे ज्या दिवसांत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात, नेमक्या त्याच दिवसांत. तेव्हा सूर्य साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर असतो. जुलैच्या सुरुवातीला तो साधारण १५.२ कोटी किलोमीटरवर असतो. अंतरामुळे ऋतू बदलत असते, तर जानेवारीत आपल्याला घाम फुटला असता. शिवाय डिसेंबरमध्ये आपण स्वेटर घालून टीव्हीवर मेलबर्नची टेस्ट मॅच बघतो, तेव्हा तिकडे प्रेक्षक टोप्या घालून कडक उन्हात बसलेले असतात. पृथ्वी तर एकच आहे. मग ती भारतासाठी लांब आणि ऑस्ट्रेलियासाठी जवळ कशी असेल?

ऋतू बदलतात ते पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे. हे उत्तर शाळेच्या पुस्तकात असतं, परीक्षेत लिहिलं जातं, त्याला मार्कही मिळतात. तरी मोठेपणी डोक्यात राहतं ते "लांब जाते म्हणून" हेच.

अमेरिकेत १९८७ मध्ये 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' नावाचा एक माहितीपट तयार झाला. त्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात २३ जणांना ऋतू का बदलतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात, हे विचारलं होतं. त्यात नुकतेच पदवीधर झालेले विद्यार्थी होते, माजी विद्यार्थी होते, प्राध्यापकही होते. त्यातल्या २१ जणांना बरोबर उत्तर देता आलं नाही.

आता विचार करा. हाच धडा प्राथमिक शाळेतल्या ३०-४० मुलांना शिकवायची जबाबदारी एका शिक्षकावर आहे. त्यांच्याही डोक्यात लहानपणापासून हेच चुकीचं उत्तर बसलं असेल तर? ते दुरुस्त कधी होणार आणि कोण करणार?

शिक्षकांच्या ट्रेनिंगचा विषय इथून सुरू होतो.

प्राथमिक शिक्षक आणि विज्ञान: अडचण नेमकी काय?

महाराष्ट्रात तिसरी ते पाचवीला 'परिसर अभ्यास' असतो आणि सहावीपासून आठवीपर्यंत 'सामान्य विज्ञान'. पहिली ते पाचवीत साधारणपणे एका वर्गाला एकच शिक्षक असतो. मराठी, गणित, परिसर अभ्यास, कार्यानुभव, सगळं त्यांनाच शिकवायचं असतं. जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळांमध्ये तर दोन शिक्षकांवर सगळे वर्ग असतात. म्हणजे दुसरीला पाढे लिहायला देऊन चौथीला झाडांचे अवयव शिकवायचे.

प्राथमिक शिक्षक व्हायला बारावीनंतर दोन वर्षांचा डी.एल.एड. करावा लागतो. हाच पूर्वीचा डी.एड. त्याला कोणत्याही शाखेतून बारावी झालेली चालते. त्यामुळे आर्ट्स घेतलेल्या शिक्षकाचा विज्ञानाशी शेवटचा संबंध दहावीत आलेला असतो. यात शिक्षकाचा काही दोष नाही. व्यवस्थाच तशी आहे. प्राथमिक शिक्षक सगळे विषय शिकवतो, आणि अशी पद्धत फक्त भारतात नाही. जगातल्या अनेक देशांत हेच चित्र आहे.

सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्यात वेगळी तरतूद आहे. या वर्गांना विज्ञान आणि गणितासाठी किमान एक शिक्षक असावा, असं कायद्याचं परिशिष्ट सांगतं. पण मुलाची विज्ञानाशी पहिली ओळख त्याच्या बरीच आधी होते, आणि ती करून देणारे शिक्षक बहुतेक वेळा विज्ञानाचे पदवीधर नसतात.

'व्यावसायिक विकास' म्हणजे काय?

शिक्षकांचं शिक्षण दोन टप्प्यांत होतं. नोकरीला लागण्याआधीचं ते सेवापूर्व प्रशिक्षण, म्हणजे डी.एल.एड., बी.एड. वगैरे. नोकरीत असताना होतं ते सेवांतर्गत प्रशिक्षण. यालाच सरकारी भाषेत 'सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास' म्हणतात. सोप्या शब्दांत सांगायचं तर, डॉक्टर जसे नवी औषधं आणि नव्या पद्धती शिकत राहतात, तसं शिक्षकांनीही शिकत राहायचं.

हे प्रशिक्षण देणारी साखळी अशी आहे. देशपातळीवर एनसीईआरटी. महाराष्ट्रात पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद. जिल्ह्याला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, जिला सगळे 'डाएट' म्हणतात. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर या संस्था उभ्या राहिल्या. मग तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, आणि सगळ्यात खाली साधारण दहा-पंधरा शाळांचं एक 'केंद्र' आणि त्याचे केंद्रप्रमुख. केंद्रातले शिक्षक शिक्षण परिषदेसाठी एकत्र येतात.

२१ ऑगस्ट २०१९ ला केंद्र सरकारने 'निष्ठा' हा कार्यक्रम सुरू केला. पहिली ते आठवीचे सुमारे ४२ लाख शिक्षक, मुख्याध्यापक आणि इतर शैक्षणिक कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचायचं त्याचं उद्दिष्ट होतं. कोविडमध्ये समोरासमोरचे वर्ग बंद पडले. मग ऑक्टोबर २०२० पासून हाच कार्यक्रम 'दीक्षा' पोर्टलवर ऑनलाइन आला, १८ भागांत.

नवीन शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावं, अशी अपेक्षा आहे. महाराष्ट्रात याला पगाराचीही बाजू आहे. १२ वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतरची निवडश्रेणी, या दोन्हींसाठी प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र लागतं.

म्हणजे कागदावर व्यवस्था आहे, तासही ठरलेले आहेत. मग या तासांत काय व्हायला हवं?

विषय येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं

"विज्ञान कच्चं आहे ना? मग शिक्षकांना विज्ञान शिकवा." हा पहिला विचार साहजिक आहे. पण तो पुरेसा नाही.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. शिक्षकाला विषय यायला हवा आणि वर्ग सांभाळण्याची पद्धतही यायला हवी. पण या दोन्हींच्या मधोमध तिसरं एक ज्ञान असतं. कोणता मुद्दा मुलांना अवघड जातो, ती कुठे अडखळतात, कोणतं उदाहरण दिलं की डोक्यात प्रकाश पडतो, हे माहीत असण्याचं ज्ञान. डी.एड.-बी.एड. केलेल्यांना 'आशययुक्त अध्यापन' हा शब्द ओळखीचा असेल. त्याच्या जवळ जाणारी ही कल्पना आहे.

या कल्पनेची परीक्षा घेणारा एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. फिलिप सॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतले १८१ शिक्षक आणि त्यांचे ९,५५६ विद्यार्थी निवडले. हे शिक्षक माध्यमिकच्या आधीच्या वर्गांना, म्हणजे साधारण आपल्या सातवी-आठवीच्या वयाच्या मुलांना विज्ञान शिकवत होते. मुलांना २० बहुपर्यायी प्रश्न दिले. तेच प्रश्न शिक्षकांनाही दिले, पण त्यांना दोन गोष्टी विचारल्या. एक, बरोबर उत्तर कोणतं? दोन, तुमची मुलं बहुतेक करून कोणतं चुकीचं उत्तर देतील?

वर्षाच्या शेवटी काय दिसलं? ज्या प्रश्नांमध्ये मुलांच्या मनात एखादी चुकीची समजूत घट्ट बसलेली असते, तिथे फक्त बरोबर उत्तर माहीत असलेल्या शिक्षकांच्या मुलांची प्रगती कमी झाली. ज्या शिक्षकांना बरोबर उत्तर आणि मुलांचं नेहमीचं चुकीचं उत्तर असं दोन्ही माहीत होतं, त्यांची मुलं जास्त पुढे गेली.

या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. वाचन आणि गणितात मागे असलेल्या मुलांना हा फायदा फारसा मिळाला नाही. म्हणजे विज्ञानाचा प्रश्न काही वेळा भाषेपाशीच अडतो. हा मुद्दा पुढे महाराष्ट्राच्या संदर्भात परत येणार आहे.

एक उदाहरण: कोकम सरबताचा ग्लास

हे वर्गात कसं दिसतं, ते एका उदाहरणावरून समजून घेऊ.

समजा, चौथीचा वर्ग आहे. शिक्षकांनी स्टीलच्या ग्लासात बर्फाचं पाणी ओतलं. थोड्या वेळाने ग्लासाच्या बाहेर थेंब जमले. "हे थेंब कुठून आले?" या प्रश्नावर बरीच मुलं सांगतात, "आतलं पाणी झिरपलं."

इथे शिक्षक तीन प्रकारे वागू शकतात. पहिला प्रकार: "चूक. हवेतल्या बाष्पाचं संघनन झालं. लिहून घ्या." मुलं लिहून घेतात. संघनन हा शब्द पाठ होतो आणि 'झिरपलं' ही समजूत तशीच राहते.

दुसरा प्रकार: शिक्षकांना स्वतःलाच खात्री नसते. म्हणून ते प्रश्न टाळून पुढच्या धड्याकडे जातात.

तिसरा प्रकार: मुलं 'झिरपलं' म्हणणार, हे शिक्षकांना आधीच माहीत असतं. म्हणून त्यांनी तयारी करून ठेवलेली असते. ते पाण्याऐवजी थंडगार कोकम सरबत घेतात. बाहेरचे थेंब पांढऱ्या कागदाने टिपून मुलांना दाखवतात. आतून झिरपलं असतं, तर कागद गुलाबी व्हायला हवा होता. तो फक्त ओला झाला. मग झाकण लावलेली थंड बाटली डिजिटल वजनकाट्यावर ठेवतात. बाहेर थेंब जमतात तसा आकडा किंचित वाढतो. आतलं पाणी बाहेर आलं असतं, तर वजन तेवढंच राहायला हवं होतं. जास्तीचं वजन आलं कुठून? आता 'हवेतून' हे उत्तर मुलं स्वतःच देतात. 'संघनन' हा शब्द त्यानंतर आला, तर तो एखाद्या अनुभवाला चिकटतो.

तिसऱ्या प्रकाराला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. पण मुलं काय म्हणणार हे आधी माहीत असावं लागतं. आणि ते पाठ्यपुस्तकात छापलेलं नसतं.

किती तासांचं प्रशिक्षण उपयोगी पडतं?

२००७ मध्ये अमेरिकेत एक आढावा घेण्यात आला. क्वांग सुक यून आणि सहकाऱ्यांनी शिक्षक प्रशिक्षणावरचे १,३०० हून अधिक अभ्यास तपासले. त्यांतले फक्त ९ कडक निकषांवर टिकले. हे सगळे प्राथमिक शाळांशी संबंधित होते. त्यांमधून दोन गोष्टी दिसल्या. सरासरी ४९ तासांचं प्रशिक्षण मिळालेल्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांची कामगिरी लक्षणीय सुधारली. सर्वसाधारण विद्यार्थी सुमारे २१ पर्सेंटाइलने पुढे जाईल, एवढा तो फरक होता. पण जिथे प्रशिक्षण १४ तास किंवा त्याहून कमी होतं, तिथे मुलांच्या कामगिरीत ठोस फरक दिसला नाही.

१४ तास म्हणजे साधारण दोन दिवस. आपल्याकडच्या कित्येक कार्यशाळा दोन दिवसांच्याच असतात. नवीन धोरणातला ५० तासांचा आकडा त्या मानाने योग्य वाटतो. पण फक्त नऊ अभ्यासांवरून "५० तास भरले की झालं" असा अर्थ काढता येत नाही.

तासांपेक्षा त्या तासांत काय होतं?

अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जोन हेलर आणि सहकाऱ्यांनी सुमारे २७० प्राथमिक शिक्षकांना विद्युत परिपथ, म्हणजे सेल-बल्ब-वायर हा विषय शिकवला. विषय सगळ्यांना एकच, पण शिक्षकांचे गट वेगवेगळे. एका गटाने दुसऱ्या शिक्षकांच्या वर्गात घडलेले प्रसंग वाचून चर्चा केली. दुसऱ्या गटाने आपल्याच मुलांच्या वह्या आणि उत्तरं समोर ठेवून ती कशी विचार करतात, ते शोधलं. तिसऱ्या गटाने स्वतः विषय कसा शिकलो, यावर विचार केला.

तिन्ही गटांतल्या शिक्षकांचं ज्ञान वाढलं आणि मुलांचे मार्कही वाढले. हा परिणाम पुढच्या वर्षीही टिकला. पण "बल्ब का पेटला, ते लिहा" असं विचारल्यावर मुलांची लेखी स्पष्टीकरणं सुधारली, ती फक्त पहिल्या दोन गटांत. म्हणजे ज्यांच्या प्रशिक्षणात वर्ग आणि मुलांचं काम होतं, त्यांच्याच मुलांना 'का' नीट सांगता आलं.

कोलोरॅडो राज्यातल्या आणखी एका प्रयोगात चौथी-पाचवीच्या शिक्षकांचे दोन गट केले. दोघांनाही साधारण ८८ तासांचं प्रशिक्षण दिलं. एका गटाने तो वेळ विज्ञान विषय पक्का करण्यात घालवला. दुसऱ्या गटाने विज्ञान शिकतानाच वर्गातल्या शिकवण्याचे व्हिडिओ बघितले, थांबवले आणि "हा मुलगा असं का म्हणाला?" यावर चर्चा केली. तास सारखे असूनही दुसऱ्या गटाच्या मुलांनी जास्त चांगली कामगिरी केली.

जपानमध्ये तर अनेक पिढ्यांपासून 'जुग्यो केंक्यू', म्हणजे पाठाचा अभ्यास ही पद्धत आहे. काही शिक्षक मिळून एका पाठाची तयारी करतात. एक जण शिकवतो. बाकीचे वर्गात उभे राहून शिक्षकाकडे नाही, तर मुलांकडे बघतात. नंतर बसून चर्चा करतात आणि पाठ बदलतात. आपल्याकडच्या शिक्षण परिषदेत 'आदर्श पाठ' होतो. तिथे सगळ्यांचं लक्ष शिकवणाऱ्याकडे असतं आणि शेवटी टाळ्या वाजतात. जपानमध्ये पाठ आदर्श नसला तरी चालतं. मुलं कुठे अडली, हे सापडणं महत्त्वाचं.

भारतात हे कुणी करून दाखवलंय का?

हो. आणि महाराष्ट्राला लागूनच.

१९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या नर्मदापुरममध्ये, १६ शाळांत एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांबरोबर सुरू केला. दिल्ली विद्यापीठ आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ मदतीला होते. सहावी ते आठवीची मुलं धडा पाठ न करता गटागटाने प्रयोग करून विज्ञान शिकणार, अशी कल्पना होती. त्यासाठी 'बाल वैज्ञानिक' नावाची पुस्तकं तयार झाली. १९७८ मध्ये कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात गेला आणि १९८२ मध्ये तो पुढे नेण्यासाठी 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली.

या कार्यक्रमाचा कणा होता शिक्षकांचं प्रशिक्षण. उन्हाळी सुट्टीत साधारण तीन आठवडे शिक्षक मुलांसारखे गट करून बसायचे आणि पुस्तकातले प्रयोग स्वतः करायचे. प्रयोग फसला तर का फसला, यावर चर्चा व्हायची. शिक्षकांना आलेल्या अडचणींवरून पुस्तकात बदल व्हायचे. सुट्टी संपली की काम संपलं, असंही नव्हतं. वर्षभर 'संगम केंद्रा'वर दर महिन्याला बैठक व्हायची आणि शाळांना भेटी देणारी माणसंही होती. परीक्षाही बदलली. पुस्तक उघडं ठेवून लिहायची आणि प्रत्यक्ष प्रयोग करायची. मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला 'सवालीराम' नावाचं एक पात्र होतं. मुलं त्याला पत्र लिहायची आणि त्याच्याकडून उत्तर यायचं.

२००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तोपर्यंत तीस वर्षं झाली होती. सरकारी शाळेतले साधे शिक्षक, योग्य साथ मिळाली तर, प्रयोगातून विज्ञान शिकवू शकतात, हे या काळात दिसून आलं. आणि सरकारी आधार गेला की असं काम चालू ठेवणं किती कठीण असतं, हेसुद्धा.

महाराष्ट्रात काय झालं?

होशंगाबादचा एक धागा थेट पुण्यात येतो. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेले अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोत नोकरीला होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते होशंगाबादच्या कार्यक्रमात सामील झाले. तिथेच सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून आकृत्या करायची कल्पना त्यांना सुचली. नंतर त्यांनी पुण्याच्या 'आयुका'मधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत २००३ ते २०१४ या काळात काम केलं. कचऱ्यातून बनणाऱ्या त्यांच्या खेळण्यांचे व्हिडिओ आज जगभरातले शिक्षक वापरतात. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरा धागा मुंबईच्या मानखुर्दमध्ये आहे. १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांमध्ये. पुढे मुंबईच्या महापालिका शाळांतल्या मुलांबरोबर काम करताना केंद्राचे संचालक वि. गो. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी भाषेच्या अडचणीवर भर दिला. मुलाला विज्ञान कळत नाही असं वाटतं, तेव्हा बऱ्याचदा त्याला पुस्तकाची भाषाच कळलेली नसते. पुस्तकात 'संघनन', 'बाष्पीभवन', 'उत्सर्जन' असे शब्द एकामागून एक येतात. घरी अहिराणी, वऱ्हाडी, भिली, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलासाठी प्रमाण मराठी हीच आधी एक पायरी असते. 'दव पडलंय' हे त्याला पक्कं माहीत असतं. दव आणि संघनन एकच आहे, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून विज्ञान शिक्षकाच्या प्रशिक्षणात भाषेलाही जागा हवी.

मग घोडं अडतं कुठे?

प्रशिक्षण झिरपत खाली येतं. राज्यातल्या तज्ज्ञांनी जिल्ह्याच्या मार्गदर्शकांना शिकवायचं, त्यांनी तालुक्याच्या सुलभकांना, त्यांनी शिक्षकांना. लाखो शिक्षकांपर्यंत पोहोचायचं तर ही पद्धत सोयीची आहे. पण प्रत्येक पायरीवर दिवस कमी होतात. वर पाच दिवस हाताने केलेला प्रयोग खाली येईपर्यंत पीपीटीतली एक स्लाइड होतो.

ऑनलाइन म्हणजे लिंक आणि प्रमाणपत्र. व्हिडिओ बघायचा, प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र डाउनलोड करायचं. दूरच्या गावातल्या शिक्षकाला घरबसल्या शिकता येतं, हा फायदा नक्कीच आहे. पण बल्ब, सेल आणि वायर हातात घेतल्याशिवाय परिपथ कळत नाही, हे जसं मुलांचं, तसंच मोठ्यांचंही आहे.

वेळ कुठे आहे? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामं देता येत नाहीत. पण फक्त निवडणुकीच्या कामातच कितीतरी दिवस जातात. शिवाय ऑनलाइन माहिती भरणं आहे, अहवाल आहेत, फोटो अपलोड करणं आहे. दोन शिक्षकी शाळेतले एक शिक्षक प्रशिक्षणाला गेले, तर त्या दिवशी दुसऱ्यांवर सगळी शाळा येते.

नंतर कुणी विचारत नाही. प्रशिक्षण झाल्यावर दोन महिन्यांनी वर्गात येऊन "तो प्रयोग केलात का? मुलं काय म्हणाली? काही अडलं का?" असं विचारणारं कुणी नसतं. होशंगाबादच्या मासिक बैठकीचं महत्त्व इथे कळतं.

चांगलं प्रशिक्षण कसं ओळखायचं?

आतापर्यंतचा अनुभव आणि अभ्यास एकत्र केला, तर पाच खुणा सांगता येतात.

१. विषय नेमका असतो. 'अध्यापनातील नवप्रवाह' अशा मोठ्या नावाऐवजी 'सावली आणि ऋतू' असं काहीतरी ठरलेलं असतं.

२. शिक्षक स्वतः प्रयोग करतात, तोही शाळेत मिळेल त्याच सामानातून.

३. मुलांच्या वह्या, चित्रं, चुकीची उत्तरं समोर असतात आणि चर्चा त्यांवर होते.

४. ते एकदा होऊन संपत नाही. शिकायचं, वर्गात करून बघायचं, परत भेटायचं.

५. एका शाळेतले किंवा एका केंद्रातले शिक्षक एकत्र येतात. त्यामुळे गावी परतल्यावर कुणाशी तरी बोलता येतं.

गंमत म्हणजे यासाठी महाराष्ट्राला नवी इमारत किंवा नवं पोर्टल लागणार नाही. केंद्र आहे, केंद्रप्रमुख आहेत, शिक्षण परिषद आहे. तिथे परिपत्रकांचं वाचन थोडं कमी झालं आणि प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातल्या पाच मुलांची उत्तरं सोबत आणली, तरी बैठकीचं रूप बदलेल.

पालक काय करू शकतात?

शाळेत मूल काय शिकतंय हे बघायला फक्त मार्क बघू नका. विज्ञानाचा एखादा प्रश्न विचारा आणि उत्तर आल्यावर पुढे "कशावरून?" असं विचारा. उत्तर चुकीचं आलं तरी हरकत नाही. ते लक्षात ठेवा आणि शाळेत गेल्यावर सरांना किंवा मॅडमना सांगा. तक्रार म्हणून नको, माहिती म्हणून सांगा. मूल काय विचार करतंय, हे कळणं शिक्षकासाठी खूप मोलाचं असतं. शाळा व्यवस्थापन समितीत असाल, तर मॅडम प्रशिक्षणाला गेल्या म्हणून नाराज होण्याआधी त्या काय शिकून आल्या, ते आपुलकीने विचारा.

आणि सुरुवातीच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर? अंगणात किंवा गच्चीवर एक काठी सरळ उभी करा. भर दुपारी तिची सगळ्यात आखूड सावली मोजा आणि तारीख लिहून ठेवा. डिसेंबरमध्ये हीच सावली लांब पडते, कारण सूर्य आकाशात खाली असतो आणि त्याचं ऊन तिरपं येतं. मे महिन्यात महाराष्ट्रात एक दिवस तर असा येतो की ती सावली जवळजवळ नाहीशी होते. शिवाय मुंबईत जूनमधला सगळ्यात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरमधला सगळ्यात लहान दिवस साधारण ११ तासांचा. हिवाळ्यात ऊन तिरपं असतं आणि कमी वेळ असतं, म्हणून थंडी पडते. हे सगळं होतं पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे.

एक काठी, एक टेप आणि वर्षभराची नोंद. परिसर अभ्यासाच्या कुठल्याही वर्गात हे करता येईल. पण त्यासाठी मॅडमनी ती सावली आधी एकदा स्वतः मोजलेली असायला हवी.